शिरगणती आणि शहराचें मन



एखाद्या शहरांत बाहेरून आलेल्या लोकांविषयीं कुरबूर सुरू झाली म्हणजे तिचीं दोन कारणें तत्काळ पुढें केलीं जातात. कुरबूर करणारे म्हणतात, "परक्यांची संख्याच इतकी वाढली आहे कीं, आम्हांला आमच्या गांवांत उभें राहावयास जागा उरली नाहीं." त्यांना दोष देणारे म्हणतात, "संख्येचा येथें कांहीं संबंध नाहीं. कोणी पुढारी लोकांच्या मनांत विष कालवितो आणि लोक त्याच्या मागें धांवतात." पहिल्या पक्षाच्या मतें सर्व कांहीं आंकड्यांत आहे, दुसऱ्या पक्षाच्या मतें आंकड्यांत कांहींच नाहीं. हीं दोन्ही मतें इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतात, हें पाहण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे. उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबई शहराच्या मोजणीचे आंकडे १८६४ सालापासून उपलब्ध आहेत. जवळजवळ दीडशें वर्षांचा हा पुरावा आपण क्रमानें तपासूं.

मुंबई हें मुळांतच आलेल्या लोकांचें शहर होय. कोळी, आगरी, भंडारी अशा जुन्या रहिवाशांचीं लहान लहान गांवें या बेटांवर होतीं. १६६८ सालीं बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आलें, आणि पुढें जेराल्ड आंजियर या गव्हर्नरानें धर्माचें व व्यापाराचें अभय देऊन व्यापारी व कारागीर लोकांस मुद्दाम येथें बोलाविलें. १८०३ च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हां कोंकण व दख्खन येथील हजारों माणसें अन्नासाठीं या बेटाच्या आश्रयास आलीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें येथील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या मोजणींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १८७२ सालीं तीच संख्या ६,४४,४०५ वर आली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांची तूट! पुढें १८९६ सालीं प्लेग आला तेव्हांही असेंच झालें. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. माणूस या शहराकडे येत असे तो कामाच्या ओढीनें; काम गेलें किंवा जीवावर बेतलें म्हणजे तो गांवाकडे तोंड फिरवीत असे. हें ध्यानांत ठेवून आतां १९२१ सालाकडे वळूं.

त्या वर्षीं मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ होती. तींत मुंबईंत जन्मलेले लोक होते शेंकडा १६, आणि बाहेर जन्मलेले शेंकडा ८४. हा आंकडा क्षणभर मनांत घोळवावा. ज्या शहरांत दर सहा माणसांतील पांच माणसें बाहेर जन्मलेलीं आहेत, तेथें "बाहेरचा" या शब्दाला अर्थ तरी काय राहिला? केवळ संख्येनें भीति उत्पन्न होत असती, तर ती त्या वर्षीं कळसास पोहोंचावयास हवी होती. परंतु परप्रांतीयांविरुद्ध व्यापक अशी चळवळ त्या काळीं मुंबईंत उभी राहिली नाहीं. असें कां व्हावें?

याचें पहिलें कारण असें कीं, येणारांतील फार मोठा भाग मराठीच होता. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक त्या वेळीं मुंबईंत राहत होते. शिवाय सातारा, पुणें, कुलाबा येथून आलेले वेगळेच. शिरगणतीच्या तक्त्यांत ते "बाहेर जन्मलेले" होते, पण लालबाग-परळच्या चाळींत ते घरचेच होते.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. प्रत्येक समाज या शहरांत आपापल्या दारानें शिरत असे. गिरणींतील कामगारांची भरती जॉबर करी, आणि जॉबर आपल्या गांवाच्या, आपल्या नात्याच्या माणसाला आधीं घेई. गुजरात व काठेवाड येथून आलेला मनुष्य पेढीवर किंवा दुकानांत लागे. गोमंतकीय ख्रिस्ती आपल्या गांवाच्या 'कूड'मध्यें उतरून आचारी, शिंपी, वाजंत्री किंवा खलाशी होई. उत्तरेकडील भय्या दुधाच्या धंद्यांत शिरे. एका शिडीवर दोघांनीं चढण्याचा प्रसंग क्वचितच येई. या व्यवस्थेंत अन्यायही होता, हें विसरतां येत नाहीं. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या विणाईखात्यांत शिरूं देत नसत. दारें वेगळीं होतीं तीं कित्येकांना बाहेर ठेवण्यासाठींच होतीं.

तिसरें कारण म्हणजे येणारा मनुष्य येथें राहावयास आलेला नव्हता. १९२१ सालीं मुंबईंत दर हजार पुरुषांमागें बायका सुमारे ५२५ होत्या. याचा अर्थ असा कीं, बायका, मुलें, म्हातारे आईबाप हीं सर्व गांवीं होतीं. चाकरमानी एका खोलींत दहापंधरा जणांसह राही, खाणावळींत जेवी, मनिऑर्डर पाठवी, आणि शिमग्याला किंवा गणपतीला गांवीं जाई. ज्याचें मन गांवांत आहे तो शहरावर हक्क सांगत नाहीं, आणि शहरावर हक्क सांगणारे दोन पक्ष नसतील तर भांडण तरी कशाचें?

तथापि त्या काळीं भीति मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. फेब्रुवारी १९२९ मध्यें मुंबईंत एक अफवा उठली कीं, पठाण लोक लहान मुलें पळवून नेतात. त्या अफवेपायीं पठाणांवर हल्ले झाले, आणि पाहतां पाहतां शहरांत मोठा दंगा उसळला. या अवाढव्य शहरांत पठाणांची संख्या ती कितीशी! पण पठाण सावकारी करीत असे. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहिलेला पठाण कामगाराला ठाऊक होता. शिवाय त्याच सुमारास तेलकंपन्यांतील संपकऱ्यांच्या जागीं पठाणांना कामावर घेण्यांत आलें होतें. मूठभर लोकांविषयीं इतकी भीति वाटली, कारण त्यांचा संबंध कर्ज आणि भाकरी या दोन नाजुक ठिकाणीं येत होता. शेजारच्या दहा हजार लोकांविषयीं जें वाटत नाहीं, तें फाटकावरच्या दहा लोकांविषयीं वाटूं शकतें, हा धडा १९२९ सालानेंच दिला आहे.

आतां चाळीस वर्षें पुढें येऊं. स्वातंत्र्य आलें, फाळणी झाली, निर्वासित आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत शंभराहून अधिक लोकांनीं प्राण दिले आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. राज्य आपलें झालें, पण कचेरीच्या खुर्चीवर कोण बसला आहे, असा प्रश्न मराठी तरुण विचारूं लागला. १९६१ च्या शिरगणतींत बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१.५२ लाख होती. बाहेर जन्मलेल्यांचें प्रमाण १९२१ च्या मानानें बरेंच उतरून शेंकडा ६४ च्या आसपास आलें होतें. मराठी भाषक शेंकडा ४३ च्या जवळपास, गुजराती शेंकडा १९ च्या जवळपास, आणि दक्षिणेकडील चारही भाषा बोलणारे मिळून शेंकडा दहाच्या आंत, अशी भाषावार वांटणी होती.

या पार्श्वभूमीवर १९६० सालीं बाळ ठाकरे यांनीं 'मार्मिक' साप्ताहिक काढलें. मोठमोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या नांवांच्या याद्या त्यांत छापून येऊं लागल्या, आणि १९ जून १९६६ रोजीं शिवसेनेची स्थापना झाली. दोनच वर्षांनीं, १९६८ च्या महापालिका निवडणुकींत या नव्या संघटनेनें ४२ जागा जिंकल्या. पहिला रोख होता दाक्षिणात्यांवर. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें थांबून विचार करावा. संख्येनें मोठे होते गुजराती. व्यापार व भांडवल पुष्कळसें त्यांच्या हातीं होतें. मग रोख संख्येनें लहान असलेल्या दाक्षिणात्यांवर कां?

याचें उत्तर पुन्हा शिडींतच सांपडतें. १९५० नंतर मराठी घरांतून मॅट्रिक झालेल्या मुलांची संख्या झपाट्यानें वाढली. बाप गिरणींत मागावर उभा, पण मुलगा मागावर जावयास तयार नव्हता. त्याला फोर्टांतील कचेरींत कारकुनी हवी होती. त्या कचेरींत इंग्रजी, टंकलेखन आणि लघुलेखन यांत तरबेज असलेला दाक्षिणात्य तरुण अगोदरच बसलेला होता. गुजराती शेठ हा मालक होता, त्याची खुर्ची कारकुनाला नकोच होती. भय्या दूध घालीत होता, तीही जागा त्याला नको होती. त्याला हवी असलेली एकच खुर्ची ज्याच्याकडे होती, तोच त्याच्या डोळ्यांत भरला. त्यांत माटुंग्यासारखी डोळ्यांना दिसणारी वस्ती आणि नाक्यानाक्यावरचें उडुपी उपाहारगृह यांची भर पडली. त्या दिवसांत उपाहारगृहांवर हल्ले झाले, पोटासाठीं आलेल्या गरीब माणसांनीं मार खाल्ला. मागणी कितीही रास्त असो, ही गोष्ट लाजिरवाणीच होती. पण मागणीच्या मुळाशीं कांहींच नव्हतें असें म्हणणेंही खरें नाहीं. पुढें राज्य सरकारनें उद्योगांतील शेंकडा ८० जागा स्थानिक लोकांस देण्याचें धोरण स्वीकारलें, तें या प्रश्नाचें अस्तित्व मान्य करूनच.

मध्य मुंबईंतील एका शाळेंत मी इतिहास शिकवीत असतांना दरवर्षीं मुलांना एक तक्ता करून आणावयास सांगत असें. तक्त्यांत तीन रकाने: स्वतःचें जन्मस्थान, वडिलांचें, आणि आजोबांचें. पहिला रकाना बहुधा "मुंबई" या एकाच शब्दानें भरलेला असे. दुसऱ्यांत राजापूर, कराड, जुन्नर येऊं लागत. तिसऱ्यांत तर मुंबई शोधावी लागे. एके वर्षीं एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, माझे आजोबा कणकवलीचे आणि याचे जौनपूरचे, मग दोघांपैकीं बाहेरचे कोण?" त्याला मीं उत्तर दिलें तें असें: भाषेच्या नात्यानें पाहशील तर तुझे आजोबा आपल्याच मुलुखांत आले, पण ज्या दिवशीं ते धक्क्यावर उतरले, त्या दिवशीं खोली आणि काम शोधणारे ते एक नवखे गृहस्थच होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि एक सांगतांना दुसरी लपवूं नये.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यांत उतरले. संप फसला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि ज्या दारानें कोंकणी मनुष्य शंभर वर्षें मुंबईंत शिरत होता तें दारच बंद झालें. त्याच वेळीं जागांच्या किंमती आकाशास भिडल्या. मूळ शहराची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शींवपर्यंतच्या भागाची लोकसंख्या १९८१ सालीं सुमारे ३२.८५ लाख होती, ती २०११ सालीं ३०.८५ लाखांवर आली. चाळींतील खोली विकून कुटुंबें उपनगरांत, तेथून डोंबिवली, कल्याण, विरार येथें गेलीं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणें जिल्हा शेंकडा ३६ नें वाढला. बृहन्मुंबई शेंकडा चार देखील वाढली नाहीं. १९५१ ते १९६१ या दशकांत हीच वाढ शेंकडा ३८ हून अधिक होती, हें येथें लक्षांत घ्यावें. आणि तरीही २००८ सालीं, म्हणजे शहराची वाढ जवळजवळ थांबलेली असतांना, उत्तर प्रदेश व बिहार येथून येणारांविरुद्ध मुंबईंत व आसपास मोठें आंदोलन पेटलें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत रेल्वेच्या नोकरीच्या परीक्षेस आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली.

याचा उलगडा एकूण लोकसंख्येंत होत नाहीं. तो तिच्या पोटांत होतो. २००१ सालीं मुंबईंत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लाख होते, ते २०११ सालीं सुमारे ४४ लाख झाले. हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. घागर तेवढीच राहिली, परंतु आंतील पाणी बदललें. ज्या मनुष्याच्या मजल्यावरील चार बिऱ्हाडांपैकीं दोन डोंबिवलीस गेलीं आणि तेथें नवीं माणसें आलीं, त्याला शहराची वाढ थांबली आहे असें सांगून काय उपयोग? त्याचा अनुभव खोटा नाहीं. मात्र त्या अनुभवाचा अर्थ लावतांना त्याची गफलत होण्याचा संभव आहे. जुन्या शेजाऱ्याला घराबाहेर काढणारा हात नव्या शेजाऱ्याचा नव्हता. तो बंद गिरणीचा आणि जागेच्या भावाचा होता. शिवाय हिंदीच्या रकान्यांत भोजपुरी, मारवाडी अशा अनेक बोलींची बेरीज होते, आणि त्या रकान्यांतील कित्येक मुलें मुंबईंतच जन्मलेलीं असतात. भाषेचा तक्ता आणि जन्मस्थानाचा तक्ता हे दोन निरनिराळे तक्ते आहेत. त्यांची सरमिसळ केली म्हणजे हवा तो निष्कर्ष काढतां येतो.

ही गोष्ट आपल्याच शहरापुरती आहे असें कोणी समजूं नये. २३ जून २०१६ रोजीं ब्रिटननें युरोपीय संघांत राहावें कीं नाहीं यावर मतदान झालें, आणि त्या वादांत परदेशांतून येणाऱ्या लोकांचा प्रश्न अग्रभागीं होता. लंडनमध्यें २०११ च्या गणनेप्रमाणें शेंकडा ३७ लोक परदेशांत जन्मलेले होते. तरी लंडननें सुमारें शेंकडा ६० मतांनीं संघांत राहण्याचा कौल दिला. उलट लिंकनशायरांतील बोस्टन हें भाजीपाल्याच्या शेतीचें लहानसें ठिकाण. २००४ सालीं पूर्व युरोपांतील देश संघांत आल्यावर पोलंड, लिथुएनिया येथून मजूर तेथें येऊं लागले, आणि २०११ पर्यंत दर दहा रहिवाशांत सुमारे एक मनुष्य त्या नव्या सभासद देशांत जन्मलेला असा झाला. लंडनच्या मानानें ही संख्या कांहींच नव्हे. पण ती दहाएक वर्षांच्या आंत आली, आणि अशा गांवीं आली कीं जेथें पूर्वीं परका चेहरा विरळाच दिसे. बोस्टननें शेंकडा ७५ हून अधिक मतें बाहेर पडण्याच्या बाजूनें दिलीं. जेथें परके पुष्कळ आणि पूर्वापार, तेथें संवय. जेथें थोडे पण एकाएकीं, तेथें धास्ती, असा हा प्रकार दिसतो. अर्थात् तरुण-वृद्ध, सुशिक्षित-अशिक्षित, सधन-निर्धन हे भेदही त्या मतदानांत होतेच. एकाच किल्लीनें सर्व कुलपें उघडत नाहींत.

येणेंप्रमाणें पाहतां आरंभीं सांगितलेलीं दोन्ही मतें अपुरीं ठरतात. आंकड्यांत अर्थ आहे, परंतु तो एकूण बेरजेंत नाहीं. बदल किती वेगानें झाला, तो कोणत्या मोहल्ल्यांत झाला, येणारा व असणारा एकाच शिडीवर चढत आहेत काय, आणि येणारा पाहुणा म्हणून येतो कीं वस्तीला येतो, हे चार प्रश्न विचारल्यावांचून शिरगणतीचा तक्ता वाचणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. पुढारी भीति वाढवितो हें खरें; पण कोरड्या चुलींत फुंकर मारून जाळ होत नाहीं, आंत कोठेंतरी निखारा असावा लागतो. तो निखारा बहुधा खुर्चीचा, खोलीचा किंवा कर्जाचा असतो. त्याची दाद वेळीं घेतली, तर परक्याच्या घराला आग लागत नाहीं.

या चित्राची दुसरी बाजू सांगून भाषण संपवितों. ज्या रत्नागिरीनें मुंबईच्या गिरण्या भरल्या, त्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. शेजारचा सिंधुदुर्गही घटला. २०११ सालीं रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें बायका हजाराहून शंभरानें अधिक होत्या. मुंबईच्या तक्त्यांत जो मनुष्य अधिक म्हणून दिसतो, तोच कोंकणच्या तक्त्यांत उणा म्हणून दिसतो. आणि जौनपूर किंवा दरभंगा येथील तक्त्यांतही असाच एक उणा असतो. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतील आमचींच माणसें मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलीं. तेथें मराठी वंशाचा समाज अजून नांदतो. परक्या बंदरावर उतरणें म्हणजे काय, हें मराठी माणसाला कोणी शिकविण्याची जरुरी नाहीं.

२०२१ सालीं व्हावयाची शिरगणती ठरल्या वेळीं झाली नाहीं. त्यामुळें कित्येक वर्षें आपले वादविवाद २०११ च्या जुन्या आंकड्यांवर, किंवा आंकड्यांवांचूनच, चालत आले. मोजणी लांबली म्हणजे तिची जागा अंदाज घेतो, आणि अंदाजाची जागा अफवा. १९२९ सालीं अफवेनें काय केलें तें मघांच सांगितलें. म्हणून शिरगणतीचा कारकून दारीं येईल तेव्हां त्याला आपलें जन्मस्थान, आपली मातृभाषा आणि आपण येथें केव्हां आलों, हें सर्व नीट व खरें सांगावें. आपल्या नातवंडांना या शहराविषयीं भांडावयाचें असेल तर त्यांनीं निदान खऱ्या आंकड्यांवर भांडावें, एवढी तजवीज करणें आपल्या हातीं आहे.